क्रेन अठ्ठावन्न, काडीपैलवान एकशे सात

आमचं कार्यालय फर्निचर वाटप व फेरवाटपाचं आहे. एका खात्यातलं लोखंडी कपाट दुसऱ्या खात्यात न्यायचं, दुसऱ्यातलं तिसऱ्यात, आणि वर्षअखेर जवळ आली की तिसऱ्यातलं पुन्हा पहिल्यात, असं एकंदर कामाचं स्वरूप. त्यामुळे काम कधी तुंबत नाही आणि कधी संपतही नाही. या कार्यालयाच्या आरोग्य व क्षमता कक्षाचा मी प्रमुख. पुढची हकीकत मी स्वतःच्या जबाबदारीवर सांगतो आहे. तिच्यात माझी काहीही चूक नव्हती, हे चौकशी समितीने लेखी मान्य केलेलं आहे. तेव्हा वाचकांनी त्या दिशेने उगाच डोकं चालवू नये.

झालं असं, की दुसऱ्या कुठल्याशा कार्यालयात ओझी उचलणारा एक माणूस आजारी पडला आणि 'तुम्ही काय काळजी घेतली होती?' असा प्रश्न वरून आला. त्या कार्यालयाकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे ते असावं, म्हणून मोठ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"काहीतरी करा," ते म्हणाले.

"काय करू साहेब?"

"ते तुम्ही ठरवा. फक्त त्यात आकडा असला पाहिजे. आकडा दाखवला की विचारणारा गप्प बसतो."

मी आठवडाभर अभ्यास केला आणि सर्व अवयवांमधून मूत्रपिंडाची निवड केली. हृदयाचा आलेख निघतो, तो वाचता यावा लागतो. फुप्फुसांचा फोटो निघतो, तो समजावा लागतो. किडनीचा थेट आकडा येतो. रक्तात क्रिएटिनिन नावाचा पदार्थ किती साठला आहे ते पाहायचं, त्यात माणसाचं वय घालायचं, स्त्री की पुरुष ते घालायचं आणि सूत्र फिरवायचं. किडन्या किती काम करत असाव्यात याचा अंदाज बाहेर पडतो; क्रिएटिनिन जितकं जास्त साठलेलं, तितका आकडा खाली. साठच्या वर असला तर ठीक, खाली असला तर काळजी. त्यानुसार मी परिपत्रक काढलं. 'ज्यांचा आकडा साठच्या खाली येईल त्यांनी पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये. तीन महिन्यांत आकडा साठच्या वर न आल्यास त्यांना सक्तीने निवृत्त करण्यात येईल.' मसुद्यात एके ठिकाणी 'अंदाज' असा शब्द आला होता, तो मी खोडला. परिपत्रकात असले शब्द बरे दिसत नाहीत.

आता या हकीकतीत येणारी दोन माणसं सांगतो.

ओझी उचलणाऱ्या सात जणांच्या तुकडीत एक जण आहे, त्याला सगळे क्रेन म्हणतात. वय चव्वेचाळीस. मान जवळजवळ नाहीच, डोकं थेट खांद्यांवर बसवलेलं. चार जणांचं कपाट तो एकटा पाठीवर घेऊन चार मजले चढतो आणि वर गेल्यावर विचारतो, "कुठं ठेवू?" उत्तर यायला कधीकधी दहा मिनिटं लागतात, कारण आमच्याकडे जागा ठरवणारा माणूस वेगळा आहे. तेवढा वेळ क्रेन कपाट पाठीवरच ठेवतो. खाली ठेवून पुन्हा उचलायचा त्याला कंटाळा आहे.

दुसरा आमच्याच कक्षातला आवक-जावक कारकून. वय सत्तावन्न, आणि त्यातली एकोणीस वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर गेलेली. पंखा जोरात लावला की आम्ही कागदांवर पेपरवेट ठेवतो, तेव्हा एखादा याच्याही खिशात टाकावा असं वाटतं. याला सगळे काडीपैलवान म्हणतात. चारचौघांत तो मला साहेब म्हणतो, दोघंच असलो की अरे-तुरे करतो. अलीकडे तो आणखीच वाळला होता.

तपासणीच्या सूचनेत मी 'उपाशीपोटी यावे' असं लिहिलं होतं. ते कशासाठी हे मलाही ठाऊक नव्हतं, पण सगळे लिहितात. क्रेन भारी आज्ञाधारक. त्याने पाण्याचा थेंबही घेतला नाही. आदल्या संध्याकाळी मेहुण्याकडे जेवण होतं, तिथे उद्याचा उपास लक्षात घेऊन त्याने दोन दिवसांचं मटण एका बैठकीत संपवलं. सकाळी तो आला, तर चौथ्या मजल्यावर रक्त घ्यायला टेबलच नाही. मीच त्याला हाक मारली. त्याने एक टेबल, दोन बाकं आणि एक रिकामं कपाट वर आणलं आणि घाम पुसत दंड पुढे केला.

रक्त घ्यायला प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई जातीने आल्या होत्या. दंडाला बांधायचा पट्टा क्रेनला पुरेना, तेव्हा त्यांनी दोन पट्ट्यांना गाठ मारली.

"सकाळपासून पाणी प्यायलात का?" त्यांनी विचारलं.

"सूचनेत नव्हतं बाई."

बाईंनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काडीपैलवानाची पाळी आली तेव्हा त्यांनी त्याच्या दंडाकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं. तो हल्ली बुटांऐवजी सपाता घालून येत असे. बाईंनी पुन्हा काहीतरी लिहिलं, आणि या वेळी जरा जास्तच वेळ लिहिलं. माझं तिकडे लक्ष होतं. पण लिहिणं हे त्यांचं काम आणि फाइल करणं हे माझं, म्हणून मी मध्ये पडलो नाही.

रिपोर्ट आले. क्रेनचा आकडा चव्वेचाळीस! कार्यालय हादरलं. चौकशी केली तेव्हा कळलं, की आमच्या अर्जात लिंगाच्या रकान्यात 'स्त्री' हा पर्याय आधीपासूनच निवडलेला असतो आणि तो बदलायचा राहून गेला होता. बायकांच्या रक्तात क्रिएटिनिन मुळात कमी असतं म्हणून सूत्र त्यांना वेगळं मोजतं. दुरुस्तीसाठी पुरुष असल्याचा पुरावा जोडावा लागतो. क्रेन पुराव्यादाखल बायकोलाच घेऊन आला.

"हे पुरुष आहेत," ती माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली. "लग्नाला पंधरा वर्षं झाली, घरात चहापूड कुठल्या डब्यात असते ते माहीत नाही. आणखी काय पुरावा पाहिजे तुम्हाला?"

मी हा जबाब नोंदवून घेतला. नवा आकडा आला अठ्ठावन्न. निव्वळ पुरुष ठरल्यामुळे क्रेनच्या किडन्या चौदा गुणांनी सुधारल्या होत्या, पण साठला दोन कमीच पडत होते.

काडीपैलवान एकशे सात. साऱ्या कार्यालयात पहिला. मी फलकावर आकडे उतरत्या क्रमाने लावले, त्याचं नाव सर्वांत वर लिहिलं आणि सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली. तो खोकला. दुपारी आम्ही दोघंच होतो तेव्हा तो म्हणाला, "अरे, पण मला जिना चढताना दम लागतो. संध्याकाळपर्यंत पाय इतके सुजतात की बूट चढत नाहीत. जेवण जात नाही. अंग सारखं गळून जातं."

"रिपोर्ट नॉर्मल आहे ना?"

"आहे."

"मग?"

तो सपाता फरफटवत आपल्या टेबलाकडे गेला. नॉर्मल रिपोर्टपुढे कोणाचं काय चालणार!

इकडे क्रेनला मनाईहुकूम दिला. तो त्याने दोनदा वाचला. वाचताना त्याचे ओठ हलत होते.

"साहेब, पाच किलोच्या वर काहीच नाही?"

"काहीच नाही."

"माझी मुलगी सोळा किलोची आहे."

"तिला कार्यालयीन वेळेत उचलू नकोस," मी म्हणालो. नियमाला माणुसकीची बाजू असते ती अशी.

"साहेब, मला दुसरं काही येत नाही," तो म्हणाला. "अक्षर माझं असं, की मीच परत वाचू शकत नाही. उचलणं काढून घेतलंत तर मी करायचं काय?"

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, वाटलं. म्हणून नियमात बसत नसताना मी त्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी त्याला पाहिलं, आदल्या दिवसाची हकीकत विचारून घेतली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, क्रिएटिनिन येतं कुठून? स्नायूंतून. याच्या अंगावर स्नायू तिघांचे, म्हणजे तो कचराही तिघांचा. त्यात आदल्या दिवशी मटण, सकाळी पाणी नाही, आणि सुई टोचायच्या आधी कपाट उचललेलं! आकडा खाली येणारच. बिचाऱ्या किडन्यांनी काय केलंय? पोटभर पाणी पिऊन, दोन दिवस मटण आणि ओझी टाळून याला परत पाठवा. लघवीही तपासू. आणि ज्याच्या अंगावर मांसच नाही त्याचं याच्या उलट होतं, आकडा उगाच छान दिसतो. हे सगळं मी प्रत्येक रिपोर्टच्या खाली छापलंय. एकदोघांच्या रिपोर्टवर तर हातानेही लिहिलंय. तुम्ही लोक खालचं वाचता ना?"

"अक्षर न् अक्षर," मी म्हणालो.

परत आलो आणि फाइल काढली. रिपोर्टच्या खाली काहीही नव्हतं. आकडा होता, आकड्याशेजारी तारा होता, आणि तिथे कागद संपत होता.

इथे आमच्या झेरॉक्स यंत्राबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ते जुनं आहे आणि प्रत्येक पानाच्या खालची चार बोटं खातं. हे सर्वांना माहीत असल्यामुळे आम्ही महत्त्वाचा मजकूर नेहमी वर लिहितो आणि सह्याही मध्यावरच करतो. नियमानुसार फाइलला झेरॉक्स लागते आणि मूळ प्रत गोपनीय कपाटात जाते. बाईंना ही पद्धत ठाऊक नव्हती, हा काही आमचा दोष नाही. मूळ प्रती बघाव्या म्हणून मी चौथ्या मजल्यावर गेलो. गोपनीय कपाट दारांची बाजू भिंतीकडे करून ठेवलेलं होतं. गोपनीयतेसाठी मीच ते तसं ठेवायला सांगितलं होतं. कपाटात तीस वर्षांचे मूळ कागद, त्यामुळे ते फिरवणं एकट्या क्रेनला जमत असे.

"मी फिरवतो ना," क्रेन म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे."

"तुला मनाई आहे."

"पण मला मनाई बरोबर आहे का, ते त्या कपाटातच आहे ना?"

"म्हणूनच तर," मी म्हणालो. "मनाई चुकीची आहे हे सिद्ध होईपर्यंत ती लागू आहे."

तो कपाटाकडे एकदा बघून जिना उतरला. मुद्दा त्याला पटला असावा.

फेरतपासणीही लगेच होण्यासारखी नव्हती. दुखणं जुनाट आहे की नाही हे तीन महिन्यांनी कळतं, असं बाई एकदा बोलून गेल्या होत्या, आणि मी ते ताबडतोब नियमात घेतलं होतं. आता नियमाच्या आत राहून क्रेनला वाचवायचं होतं. मी सूत्र समोर घेऊन बसलो. सूत्रात वय होतं. वय चव्वेचाळीसचं अडतीस केलं की आकडा साठच्या वर जात होता! औषध नको, पथ्य नको, नुसत्या खाडाखोडीने किडन्या सुधारत होत्या. पण क्रेन एकोणिसाव्या वर्षी नोकरीला लागलेला. सहा वर्षं कमी केली की तो तेराव्या वर्षी लागला असं व्हायचं, आणि लहान मुलाकडून कपाटं उचलून घेतल्याबद्दल आख्खं कार्यालय गोत्यात यायचं. तो प्रस्ताव मी जड मनाने मागे घेतला.

राहिले स्नायू. आकडा स्नायूंमुळे खाली येत असेल, तर स्नायू कमी करणं हे ओघानेच आलं. मी मोठ्या साहेबांकडून तीन महिन्यांची 'स्नायू-संकोच रजा' मंजूर करून घेतली. अशी रजा आमच्या कार्यालयाच्या इतिहासात पहिलीच. अटी सोप्या होत्या: पलंगावर पडून राहायचं, हलकं जेवायचं, भरपूर पाणी प्यायचं आणि काही म्हणता काही उचलायचं नाही. डॉक्टरीणबाईंना कळलं तेव्हा त्यांचा फोन आला. "मी असं कुठे म्हटलं होतं?" त्या ओरडल्या. मी त्यांना लेखी कळवायला सांगितलं. त्यांनी कळवलंही, फक्त मुख्य मजकूर पानाच्या खालच्या बाजूला आला.

दीड महिन्याने क्रेनची बायको पुन्हा आली.

"साहेब, धडधाकट माणूस पलंगावर टाकलाय तुम्ही. काल मुलगी म्हणाली, बाबा, मला उचल, तर उचलून घेतली आणि लगेच खाली ठेवली. हात कापत होते त्यांचे. रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. हे काय बरं व्हायचं लक्षण आहे?"

"बाई, ही सुधारणा आहे," मी समजावलं. "थोडा दम धरा."

"सुधारणा अशी दिसत असेल तर बिघाड बरा," असं म्हणून ती गेली. बाईमाणसाला सूत्र कसं कळणार, असं त्या वेळी माझ्या मनात आलं. आज ते वाक्य लिहिताना मला लाज वाटते, पण फाइल पूर्ण असावी म्हणून लिहितो.

क्रेनच्या गैरहजेरीत त्याचं काम कोणी करायचं, हा प्रश्न फलकाने आपोआप सोडवला. 'जड कामे क्षमतेच्या उतरत्या क्रमाने द्यावीत,' अशी परिपत्रकातच तरतूद होती, आणि सर्वांत वर काडीपैलवान होता. मी त्याला आदेश दिला तेव्हा त्याने चष्मा काढून पुसला.

"अरे, मी? मला रजिस्टर उचलताना धाप लागते."

"एकशे सात आहेत तुझे. माझे स्वतःचे चौऱ्याऐंशी आहेत, तरी मी कधी कुरकुर केली का?"

तो खुर्च्या उचलू लागला. आधी दोन-दोन, मग एक-एक, मग एक खुर्ची आणि मध्ये तिच्यावरच बसून विश्रांती. तो आणखी वाळला, फक्त पाय तेवढे जाड होत गेले. जड काम करणाऱ्यांच्या मधल्या तपासणीत त्याचा आकडा एकशे बारा झाला. मी मोठ्या साहेबांच्या हस्ते त्याला प्रशस्तिपत्रक दिलं. टाळ्या चालू असताना तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "मला बरं नाही रे." आजूबाजूला माणसं असूनही त्या दिवशी तो मला साहेब म्हणाला नाही. मी म्हणालो, "एकशे बारा! अरे, मग?"

तीन महिने संपले. क्रेनची तपासणी झाली आणि आकडा आला पंच्याऐंशी. साऱ्या कार्यालयाने आनंद केला. त्याला 'जड कामास पात्र' असा दाखला देण्यात आला आणि तो घ्यायला तो जिन्याचा कठडा धरून वर आला. खांदे उतरले होते. इतक्या वर्षांत प्रथमच मला त्याची मान दिसली.

पहिलं काम अर्थातच गोपनीय कपाट फिरवण्याचं. मूळ कागद काढून प्रकरण बंद करायचं होतं. क्रेनने नेहमीच्या सवयीने कपाटाला पाठ लावली, हात मागे नेले आणि जोर केला. कपाट हललं नाही. त्याने पुन्हा जोर केला. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला पाहवेना, म्हणून मी फलकाकडे पाहिलं आणि काडीपैलवानाला मदतीला लावलं. पंच्याऐंशी आणि एकशे बारा मिळून कपाटामागे एकशे सत्त्याण्णव क्षमता उभी होती. इतकी क्षमता त्या मजल्यावर पूर्वी कधीही जमा झाली नव्हती. कपाट तसूभर सरकलं नाही.

काडीपैलवान खाली बसला. आधी मला वाटलं, नेहमीसारखा विश्रांती घेतोय. मग त्याचं डोकं कपाटाला टेकलं.

डॉक्टरीणबाई पलीकडच्याच रस्त्यावरून धावत आल्या. त्यांनी त्याची सपात काढली आणि घोट्याच्या वर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावरही तिथे खळगा तसाच राहिला.

"हे असं किती दिवस आहे?"

"सहा महिने असेल," तो पुटपुटला.

"सहा महिने! आणि कोणाला सांगितलं नाहीत?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षं हा माणूस माझ्याकडे बघत आला होता, पण असं त्याने कधी बघितलं नव्हतं.

त्याला खाली न्यायचं होतं आणि लिफ्ट बंद होती. एरवी क्रेनने त्याला एका काखेत घेतला असता. त्या दिवशी आम्ही सहा जणांनी खुर्चीत बसवून त्याला उतरवलं, आणि प्रत्येक मजल्यावर खुर्ची टेकवली. क्रेन पुढचे दोन पाय धरून होता आणि रडत होता.

इस्पितळात लघवी तपासली, स्नायूंशी संबंध नसलेली वेगळी रक्ततपासणीही केली. त्याच्या किडन्या निम्म्यावर आल्या होत्या. अंगावर मांसच नसल्यामुळे रक्तात कचरा कमी, आणि कचरा कमी म्हणून आकडा झकास. जसजसा तो झिजत गेला तसतसा आम्ही त्याला वरचा नंबर देत गेलो.

"आणखी दोन महिने गेले असते तर अवघड होतं," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी रिपोर्टवर लिहून दिलं होतं."

"फाइलमध्ये तसं काही नाही," मी म्हणालो. आणि ते खरंच होतं.

चौकशी समिती बसली. तिने फाइल मागवली, झेरॉक्स प्रती तपासल्या आणि निष्कर्ष काढला, की फाइलमध्ये जे नाही ते न वाचणं हा दोष होत नाही. मी निर्दोष सुटलो. समितीच्या अहवालाची झेरॉक्स माझ्याकडे आहे. त्यात शेवटी काही शिफारशीही होत्या म्हणे.

क्रेनने मात्र त्यानंतर कोणाला विचारलं नाही. तो मटण खाऊ लागला, पाणी पिऊ लागला, आधी मुलीला उचलू लागला, मग खुर्च्या, मग टेबलं. पाच महिन्यांनी एके सकाळी तो वर आला, कपाटाला पाठ लावली आणि दोन मिनिटांत ते फिरवलं. "कुठं ठेवू?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "असंच राहू दे."

मी दार उघडलं आणि मूळ रिपोर्ट काढले. प्रत्येकाच्या तळाशी बारीक अक्षरात चार ओळी छापलेल्या होत्या: हा केवळ अंदाज आहे, स्नायू, आहार, पाणी, श्रम आणि औषधे यांनुसार तो चुकू शकतो, माणूस पाहून निर्णय घ्यावा. क्रेनच्या रिपोर्टवर पेनाने लिहिलं होतं: 'पाणी पाजून परत पाठवा.' आणि काडीपैलवानाच्या रिपोर्टवर, पहिल्याच दिवशीच्या तारखेने, स्वच्छ अक्षरात: 'फार बारीक आहेत. पाय सुजलेत. आकड्यावर विसंबू नये. मला लगेच भेटावे.'

मी ते उभ्या उभ्या तीनदा वाचलं. क्रेन माझ्याकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला असं वाटलं, की समितीने मला दोषी ठरवलं असतं तर बरं झालं असतं.

वाटून काय उपयोग, म्हणून मी सुधारणा केली. नवं यंत्र मिळण्यासारखं नव्हतं, तेव्हा रिपोर्टचा नमुनाच बदलून घेतला. बाईंच्या चार ओळी आणि हाताने लिहिलेलं सगळं आता पानाच्या अगदी वर येतं. त्यामुळे आकडा तळाशी गेला आणि यंत्र तो खाऊ लागलं. हल्ली आमच्या फाइलमध्ये एवढंच असतं, की हा केवळ अंदाज आहे, माणूस पाहून निर्णय घ्यावा. कसला अंदाज ते मात्र कळत नाही. नाइलाजाने माणूस बघावा लागतो. मोठे साहेब नाराज आहेत, पण गेल्या वर्षभरात आमच्याकडे कोणी कपाटाला डोकं टेकवून बसलेलं नाही.

काडीपैलवान अर्धा दिवस येतो. औषधं चालू आहेत, पायांची सूज उतरलीय, परवा तो बूट घालून आला होता. दोघंच असलो तरी आता तो मला साहेब म्हणतो. हे मी समितीला कळवलेलं नाही.

तर असं आमचं कार्यालय. तुम्ही हसलात, हसायलाच हवं, माझी त्याला हरकत नाही. फक्त जाता जाता एक आठवून बघा. मागे कधीतरी तुमच्या घरातलं कोणी, वडील असतील, बहीण असेल, बायको असेल, कुठल्यातरी धावपळीच्या दिवशी तुम्हाला म्हणालं होतं, "हल्ली फार थकवा येतो रे." तुम्ही मोबाइलमधून मान वर केली होती का ते मला माहीत नाही. पण तुम्ही काय विचारलंत ते मला माहीत आहे: "रिपोर्ट नॉर्मल आहे ना?" ते वाक्य माझं आहे.